आठव्या दाराचं पाणी

९ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं लिहायचं म्हणत पोळा गेला, दसरा गेला, दिवाळीही गेली. वही दिग्रसहून आणली तेव्हा कव्हर कोरं होतं. आता त्यावर चहाचे गोल आहेत, आणि भाचीनं, खुशीनं काढलेली एक बकरी. आत काहीच नाही! कालव्याच्या कामावरच्या इंजिनिअर अर्पिता मॅडम म्हणाल्या होत्या, "रोज दोन ओळी लिहीत जा, बबलू. काय केलं, कुठं केलं." त्या येत्या आठवड्यात येणार. म्हणून बसलो. पण ही वही त्यांना दाखवणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा कागद लिहीन.

तर काम असं. आमच्या कालव्याच्या फाट्यावर आठ दारं. पहिलं वरुडखेडला, शेवटचं आमच्या मोहतांड्याच्या रानात. पाणी सुटलं की वरची दारं पोटभर पितात, खाली येईपर्यंत नुसती ओल. म्हणून दिवाळी झाली की तांडा रिकामा — सगळे ऊसतोडीला. वर्षानुवर्षं हेच. आता मॅडमनं प्रत्येक दारावर एक डबा बसवला आहे. म्हणजे बसवला मी, त्यांनी दाखवलं. डब्याखाली एक नळकांडं पाण्याकडे तोंड करून. ते आवाज मारतं, परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती वर आहे ते ओळखतं. आणि डब्याला मोटर, ती दाराचं चाक फिरवते.

खरी गंमत पुढं. आठ डब्यांचा कोणी साहेब नाही. कोणत्याच डब्याला पूर्ण कालवा दिसत नाही. प्रत्येकाला फक्त आपलं पाणी माहीत, आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्याचा शब्द. ते एकमेकांना सांगतात, थोडं सरकतात, पुन्हा सांगतात, पुन्हा सरकतात. होता होता आठही एका गोष्टीवर येतात. मॅडम सांगत होत्या, विजेच्या मोठ्या जाळ्यात, रेल्वेत, असंच करायच्या मागे जगभर लोक लागले आहेत. मी विचारलं, "आणि पहिलं कुठं होईल?" त्या हसल्या. हसल्या तर हसल्या.

बबिताबाई, म्हणजे माझी मोठी बहीण, या वर्षी ऊसतोडीला गेली नाही. माझ्या शब्दावर! हरभरा पेरला. सेवादास दाजी तोंड फिरवून भावासोबत गाडीत बसले. जाताना मला ऐकू जाईल असं म्हणाले, "डब्यावर लेकरू वाढते काय?" मुकादमाची दुसरी गाडी महिनाअखेर येणार आहे. हरभरा वाळला तर बाई त्या गाडीत चढणार, आणि खुशीची सहावी अर्ध्यात सुटणार.

वाळणार नाही. लिहून ठेवतो.

१० नोव्हेंबर

सगळ्या नळकांड्यांची तोंडं पुसून तपासायची होती. चौथ्या दारापर्यंत गेलो. पुढं बोरीचं झाड लागलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वरुडखेडला पाणी वापर संस्थेची सभा. मॅडम पुसदहून बसनं आल्या. अध्यक्ष भगवानराव. संत्र्याचा मोठा बगिचा, पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नाही. मला असल्या माणसांचा जास्त राग येतो.

म्हणाले, "मॅडम, डबे चांगले आहेत. पण घराले एक कर्ता लागते. माह्या दाराचा डबा मोठा करा, बाकीचे त्याचं ऐकतीन. काहून उगा आठ तोंडं?"

मॅडम समजावत बसल्या. एकावर सगळं टाकलं की तो बंद पडला तर सगळं बंद, वगैरे. मला धीर कुठला! उठलो. म्हटलं, "कर्ता तर आजवर होताच ना भगवानराव. आठव्या दाराले पाणी कधी आलं ते सांगा फक्त."

मागून कोणीतरी, "बस ना बे, पोट्ट्या!" भगवानराव म्हणाले, "बरं. ही एक पाळी डब्याईची. शेवटाले पाणी गेलं तर डबे राह्यतीन. नाही गेलं तर चाव्या परत पाटकऱ्याकडे." पाटकरी म्हणजे दारं उघडणारा माणूस, आणि तो त्यांचाच.

मी म्हटलं, "मंजूर!" मॅडमनं माझ्याकडे असं पाहिलं की मंजूर करणारा मी कोण.

संध्याकाळी तांड्यात हे सांगितलं तर शंकरसिंग नायक म्हणतात, "यात नवं काय? आपली लदेणी अशीच चाले." जुन्या काळी आमचे लोक बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बैलांची रांग एवढी लांब की पुढच्या नायकाला मागचं टोक दिसायचं नाही. म्हणून प्रत्येक हाकणारा फक्त पुढच्याच्या आणि मागच्याच्या घंटेवर कान ठेवायचा. पुढची दूर गेली — चाल वाढव. मागची दूर राहिली — जरा थांब. अख्खी रांग तुटायची नाही. मग नायक म्हणाले की त्यांच्या आज्याच्या लदेणीचं तोंड हैदराबादेत आणि शेपूट यवतमाळात असे. इथं मी हसलो. तरी घंटेची गोष्ट मॅडमला सांगितली. त्या म्हणाल्या, "शेपटीचं सोड, घंटेचं मला लिहून दे." बघू.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाणी सुटलं! पहिल्या दाराची मोटर घुर्र करून फिरली तेव्हा अंगावर काटा आला. वरुडखेडची पोरं टाळ्या वाजवत होती. भगवानराव हात मागे बांधून उभे.

कोरड्या पाटात पाणी पहिल्यांदा शिरतं ना, त्याच्या तोंडासोबत कोणीतरी चालावं लागतं. काठी घेऊन पुढचा काडीकचरा, पऱ्हाटीची धसकटं बाजूला सारत. नाहीतर तोंडाशीच बांध होतो आणि पाणी फुटून कोणाच्याही वावरात घुसतं. तिसऱ्या दारापर्यंत पाटकरी चालला. त्यापुढं तो कधी जात नाही. पुढं मी चालणार होतो. पण पाणी इतकं हळू आलं की मी जेवायला गेलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आठवं दार कोरडं. सातवं कोरडं. सहाव्यात गुडघाभर तरी असावं, तिथं बेडूकही ओला होणार नाही. बबिताबाई वावरात गेली, एक झाड उपटून आणलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पानं खालून पिवळी.

जेवलो नाही. गाडी काढली, सरळ वरुडखेड. भगवानराव पारावर चार माणसांत बसले होते. म्हटलं, "रात्री चाक कोणी फिरवलं? डबे मंजूर करता न् अंधारात हात मारता? हेच करून राह्यले तुम्ही जन्मभर!" आणखीही बोललो. ते इथं लिहीत नाही.

ते उठले, चप्पल घातली. "चाल, पाय." मला पहिल्या दाराशी नेऊन दाखवलं. चाकाला मॅडमनं लावलेली तार तशीच, मोहोर तशीच. म्हणाले, "पायली? आता जाय घरी. घरी जाऊन जेव." बस एवढंच! ओरडले असते तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मॅडम आल्या. मोबाईलवर आठही डब्यांचे आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बबलू, पाचवा डबा म्हणतो कालवा तुडुंब आहे. आणि हे पाणी सुटायच्या आधीपासून म्हणतो! कोरड्या पाटात तुडुंब? तू तपासलं होतं ना?"

बोरं आठवली.

पाचवं दार तांड्याच्या पांदणीवर. गेलो तर नळकांड्याच्या तोंडात फुलांचा गेंद, वाळून कडक झालेला. आवळाची, म्हणजे तरवडाची, पिवळी फुलं, कुरडू, वर दोरा गुंडाळून पक्का बसवलेला. आवाज पाण्यापर्यंत पोचायचाच नाही, फुलांवरून परत! डब्याला वाटे पाणी गळ्यापर्यंत आलं. तो शेजाऱ्यांना सांगे, खाली भरपूर आहे, चिंता नको. शेजारी पुढच्या शेजाऱ्यांना. सगळे खूश, आपापली दारं जास्त उघडून बसले. आणि पाणी वरच मुरलं.

फुलं कोणाची, हे विचारायची गरजच नव्हती. दिवाळीला तांड्याच्या पोरी अमावास्येला दिवा घेऊन घरोघर मेरा मागतात, म्हणजे ओवाळून ओवाळणी घेतात, आणि दुसऱ्या दिवशी रानातून फुलं आणून प्रत्येक घराला वाहतात. एक घर सुटू देत नाहीत.

खुशीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, तो डबा पण तांड्यातच राहते ना? मंग त्याले काहून नाही?" आणि मग, "वरतून ठेवली तर बकऱ्या खातात. म्हणून आत कोंबली."

मॅडम वळून कालव्याकडे पाहत होत्या. खांदे हलत होते. आधी वाटलं रडतात.

रात्री नायक म्हणाले, "फुलं काढून टाक. वरुडखेडले कायले सांगतं? तांड्याची गोष्ट तांड्यात." बबिताबाईही तेच म्हणाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. फुलं काढली, आणि सभा मीच बोलवायला लावली. उभा राहिलो आणि एका दमात, "फुलं आमच्या पोरींची. तपासलं नाही ते मी. भगवानराव, तुम्हाले चोर म्हणलो ते माघारी घेतो. डबे माघारी घेत नाही!"

हशा. कोणी म्हणालं, "डब्याची पूजा मांडा आता, नारळ आम्ही देतो!" नायकांनी मान खाली घातली. मी नाही घातली.

भगवानराव हसले नाहीत. म्हणाले, "आज पोरीनं फुलं टाकली. उद्या कोणी मुद्दाम दगड टाकीन. एकाच्या खोट्यानं आठ बुडतात, तुमीच दाखवून देल्लं. म्हणून म्हणतो, कर्ता एक पायजे."

आणि माझ्या तोंडून निघालं, "आणि कर्ताच खोटं बोलला तं?"

मग मी जे बोललो ते मॅडमला विचारून बोललो नव्हतो, हे कबूल. म्हटलं, "टाका फुलं! ज्या डब्यात वाटते त्या डब्यात. तुमच्या हातानं टाका. तरी शेवटच्या दाराले पाणी जाईन. नाही गेलं तं मीच सगळे डबे उतरवून देतो."

२१ नोव्हेंबर

मॅडम बोलत नाहीत. खुशीशी बोलतात, बकरीशी बोलतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बोलल्या. आधी शिव्या, त्याही अस्सल पुसदच्या. मग काम.

मला समजलं तसं लिहितो. डब्यांना आजवर शेजाऱ्याचा शब्द पूर्ण खरा वाटायचा. आता तसं नाही. चौथा म्हणतो, माझ्याकडून इतकं पाणी खाली गेलं. सहावा म्हणतो, माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. मग मधला पाचवा 'तुडुंब' म्हणूच कसा शकतो? नाही जुळत? त्याचा शब्द अर्धा धर. पुढच्या वेळी नाही जुळला, अर्ध्याचा अर्धा. त्याला हाकलायचं नाही. पुन्हा खरं बोलू लागला की हळूहळू वजन परत द्यायचं.

म्हटलं, हे तर आमच्या उकंडा मामासारखं! मामाचं बोलणं — रोज वाघ दिसतो. तांड्यातून कोणी काढलं नाही त्याला. फक्त वाघ म्हटला की लोक मांजर धरतात. आणि एकदा त्यानं म्हटलं घराला आग लागली, तर दोन घरं पलीकडचे दोघं धूर पाहून आले, मग सगळे धावले. मॅडम म्हणाल्या, "हो, अगदी उकंडा मामा." बरं वाटलं.

दुपारी भगवानराव आले, हातात झेंडूचा हार. आम्हाला वाटलं होतं पाचव्याला नाहीतर चौथ्याला घालतील. चालत गेले आणि स्वतःच्या, पहिल्या दाराच्या डब्यात हार कोंबला! नीट, दोऱ्यानं बांधून.

मॅडमचा चेहरा उतरला. माझ्या कानात, "पहिला डबा टोकाचा आहे रे. त्याला शेजारी एकच. खोटं पकडायला दोन साक्षी लागतात. एकावर एक — कोण खरं, ठरणार कसं?"

माणूस हुशार आहे. शाळा कितवी शिकला कोणास ठाऊक, पण नेमकी दुखरी जागा धरली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज माझ्यामुळं घोटाळा. मॅडम पुसदला गेल्या होत्या. मला राहवेना. डबे इतके हळू सरकतात! एक सांगतो, दुसरा जरासा हलतो, पुन्हा सांगतो... मुकादमाचा फोन आला होता बाईला, गाडी बुधवारी. बुधवारी! म्हणून मी डब्यांचं पाऊल वाढवलं. एकदम सरका, लवकर एकमत करा!

झालं काय? दुसऱ्यानं ऐकलं पाणी कमी, दार धाडकन बंद. तिसऱ्याकडे लोंढा गेला, त्यानं घाबरून पूर्ण उघडलं. चौथा उलटा. दारं नुसती उघड-झाक, उघड-झाक, आणि पाणी पाटात परातीतल्यासारखं हिंदकळतंय. दुसऱ्या दाराशी काठ ढासळला. चिखलात उतरून पोती टाकली.

मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाऊल आधीसारखं लहान कर. बबलू, सगळ्यांचं ऐकायचं असेल तर घाई चालत नाही. हेच तर सारं आहे यात."

केलं. पण मला लहान पाऊल टाकता येत नाही! सुरतला गेलो, परत आलो. नागपूरला गेलो, परत आलो. आयटीआय अर्ध्यात, जिनिंगचं काम अर्ध्यात. बाई म्हणते, भिया, तुझ्या पायात भोवरा आहे. असू दे. भोवरा पण एका जागी उभा राहतो की, फिरत राहिला तर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडम सकाळच्या बसनं आल्या आणि येतानाच तोड घेऊन आल्या. "पहिल्याला शेजारी एकच ना? मग दुसरा शेजारी देऊ!" तिसऱ्या डब्याचा कान उंच केला तर त्याला पहिल्याचं बोलणं थेट ऐकू येईल. मधे फक्त पळसाची झाडं आडवी. नायकांच्या अंगणातला मांडवाचा उंच बांबू मागितला. वाटलं, सभेच्या रागात देणार नाहीत. खांद्यावर घेऊन स्वतःच चालू लागले. वाटेत एकच वाक्य, "लदेणीत कधी कधी दोन बैल सोडून पलीकडची घंटा पण ऐका लागे." खरं की आत्ता रचलेलं, देव जाणे.

बांबूच्या टोकाला डब्याची अँटेना बांधली. मग पहिल्या दाराजवळ, पाराच्या सावलीत तिघं बसलो, मॅडमच्या मोबाईलकडे पाहत. पहिला म्हणतोय तुडुंब. दुसरा म्हणतो नाही. तिसरा म्हणतो नाही. पहिल्याचा शब्द अर्धा. अर्ध्याचा अर्धा. आणि मग घुर्र — पहिलं दार स्वतःहून खाली सरकायला लागलं. भगवानरावांच्याच बगिच्याचं पाणी कमी होऊ लागलं!

ते तिथंच उभे होते. म्हणजे चाक त्यांच्या हाताशी. मोहोरेची तार तोडायला एक झटका पुरे. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी बगिच्याकडे. संत्री ऐन पिकलेली. मॅडम पुटपुटल्या, "चाक फिरवलं तर डबे काही करू शकत नाहीत." मला माहीत होतं. दहा वाक्यं जिभेवर होती. पहिल्यांदाच एकही बोललो नाही.

अंधार पडला, परत आलो. त्यांना तिथंच सोडून. नको होतं यायला! पण मॅडमची बस. आठवं दार अजून कोरडं. बाईनं बोचकं बांधून दाराशी ठेवलं आहे. खुशीनं दप्तर त्याच्यावर ठेवलं, बाईनं उचलून खुंटीला टांगलं, खुशीनं पुन्हा ठेवलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

गाडी पांदणीवर येऊन उभी. मुकादम हॉर्न वाजवतो. बाई म्हणते, "भिया, तुझी चूक नाही." म्हणजे माझी आहे. मी गाडीच्या पुढं जाऊन बसलो आहे, रस्त्यात. मांडीवर वही. जा म्हणावं अंगावरून! मुकादम शिव्या देऊन राह्यला. सातवा डबा आत्ता म्हणाला — पाणी. एकटाच म्हणतो. सहाव्याचा सिग्नल येत नाही. उकंडा मामा की खरं?

थोड्या वेळानं

खरं! पाणी आलं. खुशी ओरडत गेली, मुकादमही उतरून पाहून राह्यला. पण ते नाही. पाण्याच्या तोंडासोबत कोणीतरी चालत येऊन राह्यलं. पाटकरी नाही. हातात काठी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, शर्ट काही पांढरा राह्यला नाही. वाकून धसकटं काढते, दोन पावलं येते, पुन्हा वाकते. रात्रभर चालला असन तं इथवर पोचला.

भगवानराव. एकटेच.

बाईले विचारून राह्यले, "आठवं दार कुठी आहे ओ, माय? मी कधी पायलंच नाही."